संचारबंदी उठल्यानंतरचं काम

17 मार्च 2025 च्या संध्याकाळी नागपूरच्या महाल भागात दगडफेक सुरू झाली, रात्री हंसापुरीत गाड्या पेटल्या आणि उजाडायच्या आत शहरातल्या अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली, शांतीनगर, सक्करदरा, नंदनवन, इमामवाडा, यशोधरानगर, कपिलनगर. जुनं नागपूर जवळजवळ सगळंच त्यात आलं. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा ही मागणी, त्यासाठी महालात झालेलं आंदोलन, तिथे जाळलेल्या कापडावर पवित्र मजकूर होता ही पसरलेली आणि पोलिसांनी अफवा ठरवलेली बातमी, हे सगळं सर्वांना माहीत आहे. तीन उपायुक्तांसह तीसहून अधिक पोलीस जखमी झाले, शंभराहून अधिक लोकांना अटक झाली, आणि रुग्णालयात असलेल्या एका जखमीचा 22 मार्चला मृत्यू झाला. कोणी भडकवलं आणि कोणी दगड मारला याचा निवाडा न्यायालयात होईल, आणि तो तिथेच व्हायला हवा.

मला बोलायचं आहे ते संचारबंदीच्या त्या सहा दिवसांबद्दल आणि त्यानंतरच्या काही महिन्यांबद्दल. त्या आठवड्यात नागपूरकरांनी एकमेकांना मदत केली. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला दूध दिलं, औषध आणून दिलं, गाडी आपल्या अंगणात लावू दिली. ही मदत खरी होती आणि मी ती डोळ्यांनी पाहिली. पण ती पूर्णपणे एकेका माणसाच्या चांगुलपणावर आणि एकेका माणसाच्या खिशावर चालली होती. तिच्यामागे कोणतीही व्यवस्था नव्हती, आजही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दंगलीनंतरची मदत ही मोहल्ल्यामोहल्ल्यात आधीपासून ठरलेली, दोन्ही समाजांनी मिळून चालवलेली गोष्ट असली पाहिजे. आणि ती देताना घरातला माणूस जखमी आहे की आरोपी, हे विचारलं जाता कामा नये. यातला दुसरा भाग अनेकांना पटणार नाही याची मला कल्पना आहे. त्यावर पुढे सविस्तर बोलतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘नागपुरात असं कधी होत नाही’ हे वाक्य त्या दिवसांत सगळीकडे ऐकू आलं. ते आपल्या शहरावरच्या प्रेमातून आलेलं आहे, पण खरं नाही. 1927 च्या सप्टेंबरात याच महालात मिरवणुकीवरून दंगल झाली आणि तिच्यात माणसं मेली. डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पाडल्यानंतर मोमीनपुऱ्यात गोळीबार झाला, तेव्हाही घरं उजाड झाली. मधली कित्येक वर्षं शांततेची गेली, ही मोठीच गोष्ट. पण ‘आपल्याकडे होतच नाही’ असं एकदा ठरवलं की तयारीही केली जात नाही. पुराची तयारी आपण सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलावाचं पाणी घरात शिरल्यावर सुरू केली. दंगलीच्या बाबतीत तेवढंही झालेलं नाही.

संचारबंदीत नेमकं काय अडतं, हे सीताबर्डीपलीकडे, पश्चिम नागपुरात राहणाऱ्यांना फारसं जाणवलं नाही. तो रमजानचा महिना होता. वर्षभराची निम्मी कमाई ज्यांची त्या महिन्यात होते त्यांचं रात्रीचं बाजाराचं काम एका रात्रीत थांबलं. गांधीबागेतून कापड उचलून मोमीनपुऱ्यात कपडे शिवणारे कारागीर, शेवया आणि खजूर विकणारे ठेलेवाले, इतवारीच्या ठोक बाजारात पाठीवर पोती वाहणारे हमाल. हमालाचं घर त्या दिवशीच्या मजुरीवर त्या दिवशी चालतं. 20 मार्चला नंदनवन आणि कपिलनगरची संचारबंदी उठली, काही भागांत दुपारी दोन तासांची सूट मिळाली. कोतवाली, तहसील, गणेशपेठ आणि यशोधरानगर मात्र 23 तारखेपर्यंत बंद राहिले. दोन तासांत माणूस भाजी आणू शकतो, काम मिळवू शकत नाही. रोज इंजेक्शन घेणारा मधुमेही, डायलिसिसची तारीख असलेला म्हातारा, नववा महिना लागलेली बाई, यांच्यासाठी मेयो रुग्णालय हाकेच्या अंतरावर असूनही बॅरिकेडवरच्या शिपायाला कोणता कागद दाखवायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. शिपायालाही माहीत नव्हतं. तोही बाहेरच्या जिल्ह्यातून बंदोबस्ताला आलेला, रात्रभर उभा, गल्ल्यांची नावंसुद्धा ठाऊक नसलेला.

महालातल्या चिटणीस पार्कच्या मागच्या भागात माझ्या ओळखीचं एक किराणा दुकान आहे. बोळात दोन्ही समाजांची घरं, गिऱ्हाइकं दोन्हीकडची. संचारबंदीत समोरचं शटर पूर्ण खाली, मागचं दार अर्धं उघडं, आणि बाया-पोरं भिंतीला लागून एकेक करून येत. त्यानं नंतर मला उधारीची वही दाखवली. लाल कापडी पाठीची, लांबट, पानांना तेलाचे डाग. त्या आठवड्याच्या पानांवर नेहमीच्या उधारीवाल्यांच्या मध्येमध्ये नवीन नावं होती. ऑटोवाला, शिवणकाम करणारी बाई, इतवारीत हमाली करणारे दोघं भाऊ, प्लंबिंग करणाऱ्या एका पोराची आई. यांतल्या कोणी त्याआधी उधार नेलेलं नव्हतं. नोंदी अगदी लहान. साखर अर्धा किलो. चहापत्ती दहाची पुडी. तूरडाळ पाव. बेसन पाव, म्हणजे इफ्तारला भजी. एका ओळीपुढे ‘200 आले, बाकी ईदनंतर’ आणि त्याच्या खालच्याच ओळीपुढे ‘पाडव्याला देतो म्हणाले’. त्या वर्षी पाडवा 30 मार्चला आणि ईद 31 ला होती. पैसे बहुतेकांनी दिले. पण तोवर त्याला स्वतःला इतवारीच्या किराणा ओळीतल्या ठोक व्यापाऱ्याचे पैसे चुकते करायचे होते, आणि तो व्यापारी आठवड्याच्या हिशोबाचा. ‘भाऊ, आणखी चार दिवस गेले असते तर माझंच शटर पडलं असतं,’ तो म्हणाला.

एका पूर्ण बोळाचं पोट त्या आठवड्यात एका माणसाच्या भांडवलावर उभं होतं. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्याच्यावर एवढा भार यायलाच नको होता. त्याच बोळापासून काही मिनिटांच्या अंतरावर गणेशोत्सव मंडळं आहेत, मशिदीच्या समित्या आहेत, व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत, बचत गट आहेत. सगळ्यांकडे थोडेबहुत पैसे आणि भरपूर माणसं आहेत. त्या दुकानदाराला कोणी फक्त एवढं सांगितलं असतं की, ‘तू माल देत राहा, या पानांचा भार आम्ही मिळून उचलतो’, तर त्याची झोप उडाली नसती आणि आणखी चार दुकानांची मागची दारं उघडली असती.

खाण्यापिण्याचं कसंतरी भागतं. त्याहून मोठा आणि लांबणारा त्रास कागदांचा असतो, आणि त्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. जळलेल्या दुचाकीचं उदाहरण घ्या. आरसी बुक, विम्याचा कागद, पीयूसी, सगळं डिकीत असतं. गाडीबरोबर तेही जळतं. मग माणसानं पंचनाम्याला काय दाखवायचं? मोबाइलवर डिजिलॉकर असेल तर प्रत निघते, पण ते त्याला कोणीतरी सांगावं लागतं. आपल्याकडे बहुतेक दुचाकींचा विमा फक्त थर्ड पार्टी असतो, कारण कायद्यानं तेवढाच सक्तीचा आहे. त्यात स्वतःच्या गाडीचं जळून झालेलं नुकसान मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर दंगलीत झालेलं नुकसानही त्यात येतं, पण अनेकांना ते माहीतच नसतं आणि दावा केलाच जात नाही. दुकानाच्या आगीच्या विम्यातही साधारणपणे दंगल, संप आणि हेतुपुरस्सर केलेली नासधूस यांचं संरक्षण असतं. पण विमा इमारतीचा काढलाय की आतल्या मालाचा, हे पॉलिसी उघडून पाहावं लागतं. कंपनीला वेळेत कळवावं लागतं. पोलिसांत तक्रार द्यावी लागते, आणि तक्रार द्यायला ठाण्यात जायचं म्हटलं की त्या दिवसांत माणूस घाबरतो. आपलंच नाव कुठल्या यादीत जाईल का, ही भीती जळलेल्या गाडीच्या मालकालाही असते. मी पाहिलं की लोकांनी हजारोंचं नुकसान गिळलं, पण ठाण्याची पायरी चढले नाहीत.

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 22 मार्चला नागपुरातच सांगितलं की नुकसान दंगलखोरांकडून वसूल केलं जाईल. दोषी ठरलेल्यांकडून वसुली व्हावी याला माझा विरोध नाही. पण खटला चालणार, दोष ठरणार, मग वसुली होणार. तोवर ज्याची ऑटो जळाली त्याचा फायनान्स कंपनीचा हप्ता दर महिन्याला येतच राहणार. त्याला हवा असतो एक माणूस, जो त्याच्या शेजारी बसून अर्ज भरून देईल, बँकेत त्याच्याबरोबर जाऊन मुदत मागेल. हे काम करायला फार शिकलेला माणूस लागत नाही. निवृत्त कारकून, विमा एजंट, एखादा कॉमर्सचा विद्यार्थी पुरेसा आहे. अशी माणसं प्रत्येक वस्तीत आहेत. बसायला जागा आणि कोणीतरी ‘बसा’ म्हणणारं हवं.

आता त्या अवघड प्रश्नाकडे येतो. ज्यांच्या घरातला मुलगा अटकेत आहे, त्या घराला मदत करायची का?

माझं उत्तर हो असं आहे, आणि कुठलीही अट न घालता. अटक झालेल्यांत काही जणांनी खरंच दगड मारले असतील, पेट्रोल टाकलं असेल. त्यांना शिक्षा व्हावी. काही जण चुकीच्या वेळी चुकीच्या गल्लीत सापडले असतील. कोण कोणता, हे ठरवणं न्यायाधीशाचं काम आहे. पण त्या घरातली बायको, आई, शाळेत जाणारी पोरं यांनी काहीच केलेलं नाही. कमावता माणूस आत गेला की दुसऱ्या आठवड्यात घरभाडं थकतं, तिसऱ्या महिन्यात मुलगी शाळा सोडून कुठेतरी पॅकिंगच्या कामाला लागते. त्या घराला मोहल्ल्यानं वाळीत टाकलं तर त्यांच्या दारात कोण जाऊन उभं राहतं, हेही आपल्याला माहीत आहे. सूडाची भाषा बोलणारे जातात. वर्षभराची फी भरायला त्यांच्याकडे पैसे असतात.

कायदाही याच बाजूनं आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. त्यात वांशिक हिंसाचाराचे आणि जातीय अत्याचाराचे बळी आहेत, स्त्रिया आणि मुलं आहेत, आणि कोठडीत असलेली व्यक्तीही आहे. मारलेला आणि मारल्याचा आरोप असलेला, दोघांनाही एकाच कलमानं वकील दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असतं. त्या आठवड्यात त्याचा एक टेबल हंसापुरीत आणि एक महालात मांडला गेला असता, तर अर्धी भीती तिथेच कमी झाली असती.

नेमकं याच्या उलट काय झालं, तेही आठवावं लागेल. 24 मार्चला महापालिकेनं, पोलिसांनी मुख्य आरोपी म्हटलेल्या माणसाचं यशोधरानगर भागातलं घर बुलडोझरनं पाडलं. त्याची आई उच्च न्यायालयात गेली. नागपूर खंडपीठानं त्याच दिवशी पाडकामाला स्थगिती दिली, पण तोवर ते घर जमीनदोस्त झालं होतं. आणखी एका आरोपीच्या घराचं पाडकाम मात्र आदेशामुळे थांबलं. सर्वोच्च न्यायालयानं 13 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट सांगितलं होतं की केवळ आरोपी आहे म्हणून कोणाचं घर पाडता येणार नाही आणि किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी लागेल. पुढे महापालिकेच्या आयुक्तांनी उच्च न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. बांधकाम बेकायदा होतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची वेगळी पद्धत आहे. पण त्या सकाळी शहरानं जे पाहिलं, ते एका माणसाच्या आरोपाची शिक्षा घरातल्या सगळ्यांना मिळताना. त्यानंतर त्या वस्तीतला कोणता माणूस महापालिकेच्या कार्यालयात नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन विश्वासानं जाईल? पालिकेच्या कोणत्याही टेबलाशी जाताना त्याला आधी तो बुलडोझरच आठवणार.

काही मित्र म्हणतात, ‘तुम्ही आरोपींच्या घरच्यांची एवढी काळजी करता, जखमी पोलिसांची का नाही?’ प्रश्न रास्त आहे. डोक्यात दगड बसलेला शिपाई याच शहराचा आहे, त्याची बायको पोलीस लाईनमधल्या क्वार्टरमध्ये त्याची वाट पाहत होती. त्याच्या घरी मोहल्ल्यातल्या लोकांनी जावं. दोन्ही समाजांतल्या चार-चार माणसांनी मिळून जावं, रुग्णालयात बसावं, त्याच्या मुलांच्या परीक्षेबद्दल विचारावं. पोलिसाला फक्त बंदोबस्ताच्या वेळी आठवायचं आणि त्याच्या जखमेच्या वेळी विसरायचं, हे चालणार नाही. मदत सगळ्यांसाठी म्हटली की ती खरोखर सगळ्यांसाठी असली पाहिजे.

दुसरी शंका अधिक व्यावहारिक आहे. मशिदींच्या समित्या, हिंदू मंडळं, संघाच्या सेवाकार्यातली मंडळी, बुद्ध विहारांतली महिला मंडळं हे सगळे आपापल्या लोकांना मदत करतातच, आणि झपाट्यानं करतात. मग एकत्र कशाला? त्यांना ते करू द्यावं, मी त्यांच्या मध्ये येणार नाही. रमजानमधली जकात, म्हणजे बंधनकारक धर्मदान, कोणाला द्यायची याचे धर्माचे नियम आहेत. तिच्यावर कोणी हक्क सांगू नये. पण सदक्यावर, म्हणजे स्वेच्छेनं दिलेल्या दानावर, तशी बंधनं नाहीत, मंडळाच्या वर्गणीवरही नाहीत. आणि पैसे वेगळे राहिले तरी यादी एक असायला काय हरकत आहे? या बोळात डायलिसिसचे किती रुग्ण, रोजंदारीवर किती घरं, एकट्या राहणाऱ्या किती म्हाताऱ्या, ही यादी दोघांनी बसून केली की दोघांनाही एकमेकांच्या घरात काय चाललंय ते कळतं. आपापली मदत आपापल्यांना गेली तर पोटं भरतात, पण संचारबंदी उठल्यावर भिंत होती त्यापेक्षा उंच झालेली असते. ‘आमच्यासाठी आमचेच धावले’ हा धडा दोन्हीकडची पोरं शिकतात.

आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञांनी अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा शहरांच्या जोड्या लावून अभ्यास केला: एका शहरात दंगली होतात, तसंच दुसरं शहर शांत का राहतं? त्यांचा निष्कर्ष आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. रोजची सलामदुवा, सणाला शीरखुर्मा आणि पुरणपोळीची देवाणघेवाण, मुलांचं एकत्र खेळणं याची खेड्यात मदत होते. शहरात मात्र तेवढ्यावर भागत नाही. शहराला तारतात त्या दोन्ही समाजांचे लोक मिळून चालवत असलेल्या संस्था. व्यापाऱ्यांच्या संघटना, कामगार संघटना, व्यावसायिकांची मंडळं. ज्यांचा धंदा एकमेकांत गुंतलेला आहे त्यांना शांतता टिकवण्यात स्वतःचं हित दिसतं, आणि अफवा आली की फोन कोणाला करायचा हे त्यांना माहीत असतं.

हे वाचताना मला एम्प्रेस मिल आठवते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला ती सुरू केली. चार-पाच पिढ्या नागपूरचे कोष्टी, दलित, मुसलमान, तेली-कुणबी कामगार एकाच भोंग्याला उठले, एकाच गेटमधून आत गेले, युनियनच्या सभांना शेजारी बसले. त्यांच्यात प्रेमच प्रेम होतं असं मी म्हणत नाही. जातीचे भेद मिलच्या आतही होते. पण बोनसचा प्रश्न सगळ्यांचा एक होता आणि तो सोडवायला एकत्र बसावं लागत होतं. मॉडेल मिल बंद पडली, 2002 मध्ये एम्प्रेसही संपली. त्या जागी मॉल झाला. मोमीनपुऱ्यातले आणि गोळीबार चौकातले हातमाग तर त्याआधीच थंडावत गेले होते. मिलच्या जाण्यानं रोजगार गेले याबद्दल या शहरात पुष्कळ बोललं गेलं. पण ज्या खोलीत दोन्हीकडची माणसं बसून कामाचं बोलायची ती खोलीही गेली, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. आज त्या वस्त्यांतली तरुण पोरं एकमेकांना भेटतात ती मोबाइलच्या पडद्यावर, तीही बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणी कापून जोडलेल्या व्हिडिओत.

म्हणून मला सद्भावना रॅलीची फारशी आशा वाटत नाही. ताजबागचे सूफी संत बाबा ताजुद्दीन आणि त्यांना आपल्या वाड्यात जागा देणारे राजे रघुजीराव भोसले, यांची आठवण दरवेळी निघते. ती खरी आहे, आमच्या शहराचा अभिमान आहे आणि उरुसाला सगळ्या जातिधर्माचे लोक आजही जातात. पण त्या आठवणीनं ऑटोवाल्याचा हप्ता भरत नाही. शांतता समित्यांचंही तसंच. सणाच्या आधी ठाण्यात बैठक होते, नेहमीचे ठराविक पुढारी येतात, चहा होतो, आवाहन छापून येतं. ज्यांच्या पोरांनी दगड उचलले ते बाप आणि ज्यांच्या दुकानांवर ते पडले ते दुकानदार त्या बैठकीत नसतात.

वेगळं करता येतं, हे आपल्याच राज्यात भिवंडीनं दाखवलं आहे. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची, आणि प्रत्येक समितीची जबाबदारी एका पोलीस कर्मचाऱ्यावर टाकली. बैठकांत बोलणं व्हायचं ते नळाचं, भाडेकरूचं, नवरा-बायकोच्या भांडणाचं. 1992-93 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. मग मुंबईतही माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकारानं मोहल्ला कमिट्यांचं काम सुरू झालं. यातलं मर्म मला असं दिसतं की माणसं धर्माबद्दल बोलायला एकत्र आली नव्हती. ती नळाबद्दल बोलायला आली आणि त्यातून ओळख झाली.

नागपूरकडे हे करायची ताकद आहे का? दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर जा. 14 ऑक्टोबर 1956 च्या त्या दिवसाच्या स्मरणासाठी लाखो लोक येतात, आणि त्यांच्यासाठी बँकांच्या, विमा कंपन्यांच्या कर्मचारी संघटना, वस्तीतली मंडळं, डॉक्टर, विद्यार्थी आपापल्या खर्चानं जेवण, पाणी, औषधोपचार उभे करतात. पोद्दारेश्वर मंदिराच्या रामनवमी शोभायात्रेला सरबताचे मंडप लागतात, ताजबागला लंगर चालतो. मोठ्या गर्दीला जेवू घालणं, हरवलेल्या मुलाला आईकडे पोचवणं, रात्रभर जागणं या शहराला उत्तम येतं. बिछायतवाला तोच, आचारीही अनेकदा तेच. हीच माणसं, हीच भांडी, तीच सवय, फक्त वर्षाच्या त्या नको असलेल्या आठवड्यासाठीही ठरवून ठेवायची.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मार्च 2025 मध्ये नागपूर महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक होता. नगरसेवकाबद्दल आपली कितीही तक्रार असो, रात्री बारा वाजता दार वाजवता येतं असं सरकारचं तेवढंच एक दार असतं. संचारबंदीत ते दार या शहराला नव्हतं. जानेवारी 2026 मध्ये अखेर निवडणूक झाली आहे. 2009 च्या दुरुस्तीनं महापालिका कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद आली, म्हणजे चार-सहा गल्ल्यांतल्या मतदारांनी एकत्र बसायची सभा. ती महाराष्ट्रात कुठेच धडपणे अमलात आली नाही. गांधीबाग आणि सतरंजीपुरा झोनमधून तिची सुरुवात करता येईल. कायदा आहे, नगरसेवक आहेत, झोन कार्यालयात सभागृहं आहेत.

पहिल्या बैठकीला भाषण करणारे बोलावू नका. त्या बोळातला किराणा दुकानदार, औषधाच्या दुकानातला पोरगा, आशा सेविका, शाळेच्या मुख्याध्यापक बाई, हमालांच्या संघटनेचा माणूस, मशिदीच्या आणि मंडळाच्या खजिनदारांना बोलवा. अध्यक्ष नको, खजिनदार हवेत. ठाण्याचा एक हवालदार, ज्याची वर्षभर बदली होणार नाही असा. औषधं लागणाऱ्यांची आणि रोजंदारीवरच्या घरांची यादी, संचारबंदीत रुग्णाला नेण्याच्या पासचा नमुना, उधारीचा भार वाटून घेणारा छोटा निधी आणि कागदांचा टेबल कुठे लागेल ती जागा, एवढं ठरलं तरी पुष्कळ झालं. आणि अगदी पहिल्या दिवशी मार्च 2025 पासून ज्यांचे विम्याचे दावे, भरपाईचे अर्ज अजून कुठल्या टेबलावर अडकले असतील त्यांना फायली घेऊन यायला सांगा. महालातल्यांना आणि हंसापुरीतल्यांना एकाच दिवशी, एकाच रांगेत.